बिलाच्या पाठीवर

सकाळी ८.४०
नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये औषधाच्या दुकानाचं शटर वर जातं. समोरच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर माणसं आधीच बसलेली. किनवट, मुखेड, देगलूर. पहिल्या एसटीनं निघालेली.

ताई तरोडा नाक्याहून शेअर ऑटोनं येतात, वीस रुपये. डी. फार्म होऊन अकरा वर्षं झाली. पगार चौदा हजार. आल्या आल्या फ्रिजचा काटा बघतात. इन्सुलिनला दोन ते आठ अंश लागतात. रात्री लाइट गेली होती का, हे शेजारच्या लॅबच्या वॉचमनला विचारतात आणि वहीत आकडा टाकतात.

९.३०
होलसेलचा पोरगा चार खोकी टाकतो. ताई बिल हातात धरून एकेक पट्टी मिळवतात. नाव, बॅच, मुदत. पोरगा घाई करतो. त्याला अजून नऊ दुकानं आहेत.

बॅच बघायची सवय जुनीच आहे, पण ऑक्टोबर २०२५ पासून गिऱ्हाईकंही बॅच विचारू लागली. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधानं मुलं दगावली. 'कोल्ड्रिफ'मध्ये विषारी डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं. महाराष्ट्राच्या एफडीएनं एसआर-१३ ही बॅच वापरू नका म्हणून कळवलं. इकडं व्हॉट्सॲपवर वेगळ्याच बाटल्यांचे फोटो फिरत होते, लाल फुल्या मारलेले. आया अर्ध्या बाटल्या घेऊन काउंटरवर उभ्या. ताईंनी एफडीएची सूचना मोबाइलवर उघडून ठेवली होती आणि प्रत्येकीला बाटलीवरचे आकडे मोठ्यानं वाचून दाखवले. त्या दुकानात ते औषध नव्हतंच, तरी दोन दिवस हेच चाललं.

११.१५
गर्दी. अहमदपूरहून आलेले एक मामा दोन पिशव्या काउंटरवर ठेवतात. अहमदपूर लातूर आणि नांदेडच्या मधे. गुडघ्यासाठी लातूर, छातीसाठी नांदेड. मामांचं वय पंचाहत्तरच्या पुढं, एसटी फुकट, त्यामुळं दोन्हीकडं जाणं होतं.

"ह्यातल्या दोनच द्या, बाकी घरी हायत."

"मामा, घरच्या आणल्यात का?"

आणल्यात. ताई पट्ट्या काउंटरवर ओळीनं मांडतात. एकीवर 'टेल्मा', दुसरीवर 'टेल्मिकाइंड'. रंग वेगळा, कंपनी वेगळी. ताई बोट ठेवतात मूळ औषधाच्या नावावर. दोन्हीकडं टेल्मिसार्टनच. एक लातूरच्या डॉक्टरांनी लिहिलेली, एक इथल्या. मामा दोन्ही घेतात, इमानानं, सकाळी एक आणि रात्री एक.

"उठताना चक्कर येती का?"

"येती की. वयच झालं."

मागं सहा माणसं थांबलेली. ताई 'बंद करा' म्हणत नाहीत, तो त्यांचा अधिकार नाही. बिल उलटं करतात आणि पाठीवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहितात: 'या दोन्ही गोळ्या एकच आहेत. दोन्ही घ्यायच्या का, आत्ताच डॉक्टरांना विचारा.' समोरच्या दवाखान्यात कंपाउंडरला फोन लावतात, मामांना परत आत घ्या म्हणून. मामा गोळ्या न घेताच जातात. या सगळ्याला बारा मिनिटं लागली आणि बिल शून्य झालं. किंमत नियंत्रणातल्या औषधांची कमाल किंमत ठरवताना दुकानदाराचे १६ टक्के धरलेले असतात. असं समजावून सांगण्याचा रकाना बिलात कुठंच नाही.

मला विचाराल तर दिवसभरातलं सगळ्यात मोलाचं काम हेच होतं.

दुपारी १.५०
भाकरी, शेंगदाण्याची चटणी. एका हातात मोबाइल, रिचार्ज स्वतःचा. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जाला न उतरलेल्या औषधांची यादी टाकते. पीडीएफ, इंग्रजी, बारीक अक्षर. ताई बॅच नंबर कागदावर उतरवून घेतात आणि फळीवरच्या पट्ट्यांशी जुळवतात. आज एकही जुळत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे ब्रँडवर क्यूआर कोड आला, तिथं काम सोपं. कोडवर मोबाइल धरला की मूळ नाव, कंपनी, बॅच, मुदत समोर येते. बाकीचं डोळ्यांनी.

३.२०
लोह्याकडचा एक तरुण. वडिलांना तोंडाचा कॅन्सर. मोबाइलवर मेसेज: 'नवीन इंजेक्शनची ट्रायल, मर्यादित जागा, तीस हजार भरून नाव नोंदवा.' खाली लांबलचक सीटीआरआय नंबर.

ताई स्टूल पुढं ओढतात. आता हे काम शांतपणे. सीटीआरआय म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही, २००७ पासून. औषधांच्या चाचण्यांची नोंद २००९ पासून सक्तीची. कुणालाही फुकट बघता येते. नंबर वाचायचीही रीत आहे: आधी वर्ष, मग महिना, मग क्रमांक. ताई तो टाकतात. नोंद निघते, पण वेगळ्याच आजाराची. केंद्रांच्या यादीत नांदेडही नाही, लातूरही नाही.

"म्हणजे खोटंय?"

"नंबर खरा हाय, दादा. मेसेज त्याचा नाही. आणि ट्रायलच्या औषधाला पेशंटकडनं पैसे घेत नसतात."

मग त्या तोंडाचा कॅन्सर आणि मुंबई असं शोधतात. काही नोंदी निघतात. प्रत्येकीत काय बघायचं ते बिलाच्या पाठीवर लिहून देतात: पेशंट घेणं सुरू आहे का, एथिक्स कमिटीची मंजुरी, कुठल्या टप्प्यातला कॅन्सर चालतो, चौकशीचा फोन. हा कागद इथल्या डॉक्टरांना दाखवायचा, मगच मुंबईला टाटा हॉस्पिटलात जायचं.

तरुण कागद घडी करतो. जात नाही. "पण प्रयोगच ना शेवटी? आपल्या माणसावर?"

ताई त्याला मराठवाड्यातल्याच एका जिल्ह्याचं सांगतात. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबादेत, खेड्यापाड्यांत, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास सुरू झाला. टाटा आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलचे लोक गावोगाव फिरले. १,३१,७४६ बायका, वेगवेगळ्या गटांत. २००९ साली निकाल छापून आला. एचपीव्ही विषाणूच्या तपासणीच्या गटात त्या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या. ज्या गटाला नेहमीचीच सेवा मिळाली, तिथं ६४. दोन्ही गट साधारण सारखेच मोठे. त्या चौसष्टजणींबद्दल पुढं वादही झाला, तपासणीविना का ठेवलं म्हणून. ताई तेही सांगतात, झाकत नाहीत. "म्हणून सही करायच्या आधी विचारायचं. बाबांना कुठल्या गटात टाकणार, मधेच सोडता येतं का. कागद मराठीत मागायचा. हक्क हाय तुमचा."

पस्तीस मिनिटं. तरुण जाताना ओआरएसची दोन पाकिटं घेतो.

६.००
संध्याकाळची ओपीडी. खोकला, ताप, शुगर. शेड्यूल एच-१ ची अँटिबायोटिक गेली की वेगळ्या रजिस्टरात पेशंट, डॉक्टर, औषध, नग. मालक गल्ल्यावर बसतात.

गर्दीतच एक मावशी शुगर मुळापासून घालवणारी पावडर दाखवतात. महिन्याला अठराशे. डब्यावर सीटीआरआयचा नंबर छापलेला. ताई बघतात. नोंद याच पावडरीची, पण पेशंट घेणं अजून सुरूच झालेलं नाही.

"मावशी, तपासणी करणार आहोत, एवढंच ह्यांनी लिहून दिलंय. तपासून झालं नाही अजून. मेटफॉर्मिन चालू हाय ना?"

मावशी गप्प. तीन आठवड्यांपासून बंद.

ताई त्यांना आधी रस्त्यापलीकडं साखर तपासायला पाठवतात. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानंच मनाई आहे. डबा तरी बाजारात आहे.

९.१०
शटर अर्धं खाली. एक बाई धावत येते. दुपारी नेलेल्या गोळीनंतर नवऱ्याच्या अंगावर पुरळ. श्वास? बरा आहे. ताई तिला गोळी थांबवून समोर ड्यूटीवरच्या डॉक्टरांकडं पाठवतात, पट्टी सोबत न्यायला लावतात. मग औषधाचं नाव, बॅच, किती वाजता घेतली, पुरळ किती वाजता आलं, सगळं लिहून घेतात. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार कुणालाही करता येते, पेशंटलासुद्धा. फॉर्म मराठीतही आहे. फोनवर सांगायचं तर १८००-१८०-३०२४, फुकट.

तो फोन आता बंद असणार. ताई कागद रजिस्टरला टाचतात आणि वर लिहितात: 'सकाळी नऊला फोन.' मालक विचारतात, गोळी आपल्याच दुकानातली होती का. होती. "मग आपलं नाव येईल."

"येऊ द्या," ताई म्हणतात, आणि बॅचचा नंबर पुन्हा एकदा तपासून बघतात.