फळाच्या अंगावरची खपली

गेल्या हंगामात एक शेतकरी पिशवीतून चार डाळिंबे घेऊन आले. सालीवर तपकिरी, खरखरीत चट्टे होते. "साहेब, दोन फवारण्या झाल्या, डाग काही जाईना. आता कोणतं औषध मारू?"

मी म्हटले, "कोणतेच नको. ही भरून आलेल्या जखमेची खपली आहे."

गुडघा खरचटला की आपल्याला खपली धरते. फळाचेही तसेच. कोवळ्या फळाची साल फुलकिड्यांनी खरवडली किंवा काट्याला घासली, की खालच्या पेशी विभागू लागतात आणि थरावर थर रचतात. त्यांच्या भिंतींत सुबेरिन नावाचा मेणचट पदार्थ भरतो. मग त्या पेशी मरतात व पाणी आणि बुरशी यांना अडवणारे बुचासारखे आवरण मागे राहते. बाटलीचे खरे बूचही एका झाडाच्या सालीतील अशाच पेशींचे असते.

जाळीदार खरबूज पाहा. आतला गर वाढतो, साल तितकी ताणत नाही. तिला बारीक भेगा पडतात आणि प्रत्येक भेग बुचाने भरून निघते. तीच ती जाळी. चिकू तर लहानपणीच हा तपकिरी अंगरखा घालतो. तो नखाने हलकेच खरवडावा. खाली हिरवे दिसले तर फळ कच्चे, पिवळसर दिसले तर काढणीस तयार.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, औषधाने खपली जात नाही, पैसा मात्र जातो. फुलकिड्यांवर लक्ष ठेवायचे ते फूल आणि लहान फळ असताना. तेल्याचे डाग मात्र निराळे. ते काळपट, तेलकट दिसतात, पसरतात आणि त्या जागी फळ तडकते. त्यांना खपली समजून स्वस्थ बसू नये.

आणखी एक. पिकत आलेल्या फळात खपली धरण्याची ताकद फारशी उरत नाही. काढताना नख लागले, टोपलीत आपटले, की तेथूनच सड सुरू होते. म्हणून देठ कात्रीने कापावा, टोपलीत पेंढा अंथरावा.

खपलीच्या फळाला बाजारात भाव कमी मिळतो, हे खरे. पण भगिनींनो, ते टाकून देऊ नका. त्या गृहस्थांचे एक डाळिंब मी तेथेच फोडले. दाणे लालचुटुक निघाले. आम्ही दोघांनी ते वाटून खाल्ले.