देहाचा किल्लेदार

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात धारूर हे गाव आहे. येथील किल्ला सोळाव्या शतकात, आदिलशाहीच्या काळी उभा राहिला. पूर्वी किल्ल्याला वेढा पडला, की किल्लेदार कोठारातील धान्य पुरवून पुरवून वापरी आणि वेढा उठताच कोठार पुन्हा भरून घेई. आपल्या शरीरातही असाच एक किल्लेदार आहे. तो मेंदूत राहतो. शरीरातील चरबी हे त्याचे कोठार होय.

त्याला वर्दी देणारे दोन जासूद आहेत. चरबीतून निघणारे लेप्टिन सांगते, 'साठा पुरेसा आहे.' रिकाम्या जठरातून निघणारे घ्रेलिन सांगते, 'अन्न हवे!' पहिल्याचा शोध १९९४ साली अमेरिकेत लागला, तर दुसऱ्याचा १९९९ साली जपानमध्ये.

एखाद्या स्थूल माणसाने निश्चयाने आहार कमी केला आणि वजन उतरविले, तर काय होते? लेप्टिन घटते, घ्रेलिन वाढते. किल्लेदाराला वाटते, वेढा पडला! मग तो भूक वाढवितो, गोड आणि तळलेले पदार्थ सारखे डोळ्यांपुढे आणतो व शरीराचा खर्चही आवरतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे वजन उतरविलेल्या माणसांची तपासणी झाली. वर्ष लोटले, तरी त्यांची भूक पूर्वीपेक्षा अधिकच होती, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. उतरलेले वजन पुन्हा चढते, त्याचे हे एक कारण होय.

हा किल्लेदार आपला वैरी नव्हे. १९७२ साली मराठवाड्यात भीषण दुष्काळ पडला. असे दुष्काळ माणसाने हजारो वर्षे सोसले; तेव्हा हीच राखण त्याच्या कामी आली. आज मात्र बाजारात भजी आणि मिठाई बारमाही मिळते. वेढा नाही, तरी किल्लेदाराची सवय सुटत नाही.

म्हणून त्याच्याशी भांडू नये. त्याला निर्धास्त ठेवावे. भाकरी, वरण, पालेभाजी असे साधे जेवण वेळेवर व पोटभर घ्यावे. खाऊचा डबा नजरेआड असावा. रोज खेळावे, पुरेसे झोपावे. मुलांनो, तुमचे वय वाढीचे आहे. बारीक होण्यासाठी स्वतःच्या मनाने जेवण कधीही सोडू नका.

आणि वर्गातील एखादा सोबती स्थूल असेल, तर त्याला हसू नका, आळशी म्हणू नका. तटाच्या आत कोणती झुंज चालू आहे, हे बाहेरून दिसत नाही.