अर्ध्या शहाण्याचे राज्य

पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांची गोष्ट आम्ही शाळेपासून ऐकत आलो. त्यातला अर्धा शहाणा म्हणजे नाना फडणवीस. तलवारबहाद्दर नव्हते म्हणून अर्धे, असे सांगतात. आमच्या मते नानांचे शहाणपण अर्धे पडले ते न्यायाच्या बाबतीत.

१७४२ साली साताऱ्यात जन्मलेले बाळाजी जनार्दन भानू हे मूळचे हिशेब सांभाळणारे. पानिपतातून जीव वाचवून परतले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. पुढे बारभाईंच्या राजकारणातून सारा कारभार नानांच्या हाती आला. गादीवर तान्हे मूल, राज्य चालवणारा फडावरचा माणूस! दप्तर, हेर आणि पत्रव्यवहार यांच्या बळावर नानांनी पुण्यात बसून इंग्रज, निजाम, शिंदे, होळकर यांना वर्षानुवर्षे खेळवले. हे कर्तृत्व आम्ही नाकारत नाही.

पण खुनाचे काय झाले? रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबाला दोषी ठरवले. शिक्षा झाली नाहीच, उलट १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्याच राघोबाला दरमहा २५ हजार रुपयांची नेमणूक मिळाली.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात चीनमधल्या छिन राज्यात शांग यांग नावाचा असाच एक कारभारी बुद्धीच्या जोरावर वर चढला. त्याने हुद्दे जन्मावरून नव्हे तर रणातल्या कामगिरीवरून द्यायला लावले. युवराजाने कायदा मोडला. गादीच्या वारसाला हात लावता येईना, तेव्हा शांग यांगने त्याच्या गुरूंना शिक्षा दिली. एकाच्या तोंडावर गोंदवले. हा माणूस दयाळू नव्हता. एकाच्या गुन्ह्यासाठी शेजारच्या घरांनाही भरडणारा त्याचा कायदा होता. तोच युवराज गादीवर आला आणि इ.स.पू. ३३८ मध्ये शांग यांग मारला गेला. कायदा मात्र टिकला, आणि इ.स.पू. २२१ मध्ये छिनने सारा चीन एक केला.

आमच्या पुण्यात कायदा माणसाची जात विचारून चालत होता. पेशवाईत अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके होते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवले. त्याच लेखनात सोनारांचीही हकीकत आहे. सोनारांनी ‘नमस्कार’ म्हणू नये, यासाठी १७७९ साली मुंबईच्या इंग्रजांकडूनसुद्धा मनाईहुकूम काढवला गेला. साल ध्यानात घ्या. इंग्रजांशी युद्ध चालू होते, आणि नमस्कारावरही पहारा होता!

घाशीराम कोतवालाचे प्रकरण यावरूनच समजते. १९७२ साली तेंडुलकरांचे नाटक आले तेव्हा पुण्यात वाद पेटला तो नानांच्या चारित्र्यावरून. त्यांच्या न्यायाची चर्चा कोणी केली? घाशीराम १७७७ पासून कोतवाल होता. त्याचे नाव जुलमाला पर्याय होऊन बसले, तरी चौदा वर्षे त्याची कोतवाली हलली नाही. १७९१ मध्ये त्याने कोंडलेले वीसहून अधिक तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा कुठे वाड्याला जाग आली. घाशीराम स्वतः ब्राह्मण, पण परदेशी, पुण्यात कोणी पाठीराखा नसलेला. त्याला संतापलेल्या लोकांच्या हवाली केले गेले आणि दगडांनी ठेचून मारण्यात आले.

त्याला कोतवाली देणारे नाना आपल्या जागी राहिले.