‘हे बघ, असं’ म्हटल्यावर

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये माझा भाचा एकोणिसाव्या वर्षी शिकाऊ म्हणून लागला. दहावीला मराठीत उत्तम गुण, वाचन दांडगं, बोलणं ऐकत राहावं असं. मालकांना तो पहिल्या भेटीतच आवडला. आठव्या दिवशी त्यांचा फोन आला, ‘‘ताई, पोरगा हुशार आहे, पण लक्ष देत नाही. चार वेळा करून दाखवलं, पाचव्यांदा जॉब उलटाच धरतो.’’

लक्ष नव्हतं असं नाही. रोज घरी आल्यावर दिवसभरात कोण काय म्हणालं ते तो मला शब्दन्‌शब्द सांगायचा. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लेथच्या चकमध्ये (पकडीत) कसा बसवला, ते मात्र त्याला सांगता यायचं नाही. कारण ते कोणी बोललंच नव्हतं, नुसतं करून दाखवलं होतं.

त्याच्या अडचणीला ‘नॉनव्हर्बल लर्निंग डिसॉर्डर’ म्हणतात. या नावामुळे घोटाळा होतो, ऐकणाऱ्याला वाटतं मूल बोलतच नसेल. खरं तर बोलणं हीच अशा मुलांची भक्कम बाजू असते. अडतं ते शब्दांपलीकडच्या गोष्टींशी : अंतर, दिशा, आकार, हातांचा मेळ, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव. अमेरिकेत जॉन्सन आणि मायकलबस्ट यांनी १९६७ साली अशा मुलांचं वर्णन केलं; पुढे कॅनडातल्या बायरन रुर्क यांनी त्यावर बराच अभ्यास केला. मानसिक विकारांच्या अमेरिकी सूचीत मात्र हे नाव अजून स्वतंत्रपणे आलेलं नाही.

शाळेत हे लवकर ध्यानात येत नाही. ‘तारे जमीन पर’ २००७ साली आला आणि अक्षरं उलटी काढणारं मूल शिक्षकांना ओळखू येऊ लागलं, ही मोठीच गोष्ट झाली. पण माझा भाचा पहिलीतच धडाधड वाचायचा. गाडी अडली ती पुढे, भागाकाराची मांडणी सरकू लागली तेव्हा, नकाशात आणि भूमितीत. ‘एवढं बोलतोस, मग साधा कोन मोजता येत नाही?’ हे त्याने किती वर्षं ऐकलं! नागपूरच्या डॉ. मॅलिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेल्या बुद्धिमापन चाचणीत शाब्दिक आणि कृतींचा असे दोन वेगळे भाग आहेत. त्या दोन आकड्यांतली मोठी दरी पाहून आम्हाला प्रथम उमगलं, की हा आळस नाही.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याची वाट जरा वाकडी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण तिची व्याख्या भाषेपासून सुरू होते आणि हे नाव त्यात नाही. मात्र डिसकॅल्क्युलिया, डिसप्रॅक्सिया आणि आकलनाच्या म्हणजे पर्सेप्शनच्या अडचणी त्यात स्पष्ट लिहिलेल्या आहेत. म्हणून तपासणीला जाताना ‘वाचता येतं का’ एवढ्यावर थांबू देऊ नका. गणित, हस्ताक्षर आणि हातांच्या हालचाली तपासायला सांगा.

एमआयडीसीत काम शिकवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या एकच : ‘हे बघ, असं.’ वस्ताद हात चालवतो, शिकाऊ बघतो. बहुतेकांना हे जमतं. माझ्या भाच्याचा नेमका हाच रस्ता बंद आहे. मग मालकांशी बोलून आम्ही एक वही केली. वस्तादकाका करतील ते प्रत्येक काम त्याने मोठ्याने बोलायचं आणि लिहायचं. पहिल्या पानावर आहे : ‘लांब बाजू चकमध्ये. खाचेची बाजू टेलस्टॉककडे. चक घट्ट केला. चावी काढली. चावी ट्रेमध्ये ठेवली. मग बटण.’ चावी चकमध्येच राहिली तर मशीन सुरू होताच ती उडून माणसाला लागते, म्हणून ते वाक्य त्याने लाल पेनने लिहिलंय.

ड्रॉइंगचं दुखणं वेगळं. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धतीत वरून दिसणारी आकृती समोरच्या आकृतीच्या खाली काढतात. मनात वस्तू फिरवता आली नाही की हे कोडंच होतं. आता ड्रॉइंगसोबत तयार तुकडा त्याच्या हातात देतात. तो बोट फिरवत एकेक कड कागदावर शोधतो.

पॉवर प्रेसवर त्याला उभं करायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठामपणे सांगितलं. अंतराचा अंदाज चुकणाऱ्या मुलाच्या बोटांशी प्रयोग नको. स्टोअरचं रजिस्टर, चलनं, ग्राहकांचे फोन यांत तो सरस आहे, आणि मोकळेपणाने सांगते, तीच कामं त्याने धरावीत असं मला वाटतं. पण त्याला लेथ सोडायचा नाही.

माणसांचं काय? एकदा उशीर झाल्यावर सुपरवायझर म्हणाले, ‘‘आज फार लवकर आलास!’’ तो म्हणाला, ‘‘थँक्यू सर.’’ सगळे हसले, सुपरवायझर भडकले. टोमणा त्याला टोमणा म्हणून कळतच नाही. ‘वीस मिनिटं उशीर झालाय, उद्या नऊला ये,’ असं सरळ सांगितलं की तो पावणेनऊला हजर असतो.

गेल्या महिन्यात शेडमधली मशीनं हलवली. सकाळी तो दारातच थांबला, ओळखीचं काहीच दिसेना. वस्तादकाकांचा हात दाखवायला वर आला होता. तो त्यांनी खाली घेतला आणि म्हणाले, ‘‘आत ये. डावीकडे सहा पावलं. आता खिडकीकडे तोंड कर. समोर आहे तो तुझा लेथ.’’