निम्मे माग बंद, आवाज तेवढाच

भिवंडीत शांतीनगर, नारपोली, पद्मानगर, कुठल्याही भागातल्या यंत्रमागाच्या कारखान्यात पाऊल टाकलं की बोलणं थांबतं आणि हातवारे सुरू होतात. मिनिटाला दीडशेच्या आसपास फटके बसतात. धोटा एका पेटीतून सुटतो, पलीकडच्या पेटीवर आदळतो, पुन्हा उलटा. असे डझनभर माग एकाच पत्र्याखाली. अशा शेडमध्ये साधारण ९५ ते १०५ डेसिबल भरतात. आकडा ऐकून कोणी दचकत नाही, कारण आपण तो किलो-मीटरसारखा वाचतो.

‘निम्मे माग बंद ठेवले की आवाज निम्मा’ ही समजूत मालकाचीही असते आणि शेजाऱ्याचीही. समजा, एका मागाचा आवाज ९० डेसिबल आहे. शेजारी तसाच दुसरा सुरू केला तर ९३ होतात, १८० नव्हे. चार मागांचे ९६, आठांचे ९९, सोळांचे १०२. डेसिबलची बेरीज होत नाही. ते पटीचं माप आहे. ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली की ३ वाढतात, दहापट झाली की १०. आता उलटं चला. सोळांतले आठ बंद केले, तर १०२ वरून ९९. तीन डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो. मालक म्हणतो, अर्धं उत्पादन बुडवलं तरी ह्यांची कुरकुर आहेच. शेजारी म्हणतो, ह्याने काही बंदच केलेलं नाही. दोघंही खोटं बोलत नसतात.

मग आवाज खरोखर निम्मा वाटायला काय लागतं? ढोबळमानाने १० डेसिबलची घट, म्हणजे सोळांतले चौदा-पंधरा माग बंद. अमेरिकेत एस. एस. स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने माणसांना आवाज ऐकवून, ‘किती पट वाटतो’ असं विचारून हे नातं बांधलं. व्यक्तीगणिक त्यात फरक पडतो, पण अंदाजाला ते पुरेसं आहे.

इथेच खरी फसगत होते. कानाला जाणवतं ते वेगळं आणि कानाला लागतं ते वेगळं. जो तीन डेसिबलचा फरक आपल्याला धड कळतही नाही, त्यात कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट झालेली असते. म्हणून अमेरिकेतली नायोश ही संस्था आठ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा सांगते आणि पुढच्या दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. आपले कारखान्यांचे नियम जास्त सैल: आठ तासांना ९०, आणि निम्मा वेळ दर पाच डेसिबलला. त्या हिशेबानेही १०० डेसिबलमध्ये दोनच तास मिळतात. भिवंडीत पाळी बारा तासांची असते.

‘सवय होते हो, महिन्याभरात काही वाटत नाही’ हे तर प्रत्येक कारखान्यात ऐकू येतं. सुरुवातीला पाळी सुटल्यावर कान दडे बसल्यासारखे होतात, रात्रीत सुधारतात. ही सवय नव्हे, इजा आहे. रोज तेच झालं की एक दिवस सुधारणा थांबते. स्कॉटलंडमधल्या डंडीत ज्यूटचे माग चालवणाऱ्या बायकांची तपासणी १९६५ साली प्रसिद्ध झाली. ४००० हर्ट्झच्या आसपासची श्रवणशक्ती पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच झपाट्याने गेलेली दिसली. बोलण्याच्या खालच्या पट्टीतलं नुकसान नंतर वाढत गेलं. म्हणून असा कामगार ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ म्हणतो. स्वर कानी पडतात, स, श, फ निसटतात, आणि घरचे म्हणतात, लक्ष नसतं ह्यांचं.

कानात कापसाचा बोळा? कापसाला इथे तोटा नाही, पण त्याने थोडेच डेसिबल कमी होतात. नीट बसवलेले फोमचे प्लग बरेच जास्त रोखतात. पाकिटावर छापलेला आकडा मात्र प्रयोगशाळेतला असतो, पाळीत तेवढा मिळत नाही.

शेजाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक घोळ. मोजणीत आकडा कमी दिसला, म्हणजे तक्रार खोटी, असं नाही. सरकारी मोजणी ज्या ‘ए’ पट्टीवर होते, ती माणसाच्या कानानुसार खालचे सूर कमी धरते. ५० हर्ट्झला जवळपास ३० डेसिबल वजा होतात. भिंतीतून येणारी धडधड नेमकी खालच्या सुरांची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्रीची मर्यादा रहिवासी भागाला ४५ आणि औद्योगिक भागाला ७० आहे. फरक फक्त २५ चा वाटतो, पण ऊर्जा तीनशे पटींहून जास्त, आणि कानाला साधारण सहापट. भिवंडीत घर आणि कारखाना यांत कित्येकदा एकच भिंत असते. तिथे कुठला आकडा लावायचा, यावर वाद घालावा तेवढा थोडा.

आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत होता. पण वीज वापरणाऱ्या कारखान्याला त्यात दहा कामगारांची अट होती, ती २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेने वीसवर नेली. चार-सहा कारागिरांची शेड तेव्हाही निसटत होती, आता तर त्याहून मोठ्याही निसटतात. तेव्हा तपासणी स्वतःच करून घ्यावी लागते. कान-नाक-घसा विभागात ‘ऑडिओमेट्री’ मागावी आणि पाळी सुटल्या सुटल्या जाऊ नये. सुटीचा दिवस गाठावा, नाहीतर तात्पुरता बसलेला दडाही कायमच्या खात्यात जमा होतो.