वऱ्हाडचा फेरफार

शेताचा फेरफार मंजूर होण्यापूर्वीं हितसंबंधी खातेदारांस नोटीस द्यावी लागते, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. परंतु अवघ्या वऱ्हाडचा फेरफार कितीदां झाला, व नोटीस कोणास पोंचली? 1853 सालीं निजामानें हा मुलूख कंपनीच्या हवालीं केला. 1902 सालीं तो सालिना 25 लक्ष रुपयांच्या कायम पट्ट्यानें इंग्रजांकडे गेला, व 1903 सालीं मध्यप्रांतास जोडला गेला. वऱ्हाडचा सारा परजिल्ह्यांत खर्च होतो, ही तक्रार तेव्हांपासूनची.

म्हणून संयुक्त महाराष्ट्राची गोष्ट निघतांच अटी ठरल्या. 8 ऑगस्ट 1947 च्या अकोला करारांत महाविदर्भास निराळें विधिमंडळ होतें. 1953 च्या नागपूर करारांत तें गेलें, आणि लोकसंख्येच्या प्रमाणांत खर्च व नागपुरास दरसाल एक अधिवेशन एवढें राहिलें. 1955 सालीं राज्यपुनर्रचना आयोगानें स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. तरी 1956 सालीं आपण मुंबई राज्यांत व 1960 सालीं महाराष्ट्रांत आलों. दूरच्या नॉर्वे देशांत, युरोपीय राष्ट्रांच्या संघांत जावें कीं नाहीं, हें 1972 व 1994 सालीं जनतेस विचारलें गेलें. तिनें दोन्ही वेळां नकार दिला. आपणांस असें कोणी विचारलें नाहीं.

भाषा एक असल्यानें हें जाणें आम्हांस अयोग्य वाटत नाहीं. कच्चा राहिला तो दस्तऐवज. घटनेच्या 371 व्या कलमान्वयें विदर्भाचें विकास मंडळ झालें तें 1994 सालीं. त्याचा अहवाल दरसाल विधानसभेपुढें यावयाचा होता. 30 एप्रिल 2020 रोजीं मंडळाची मुदत संपली. तेव्हां यंदा अधिवेशनापूर्वीं आपल्या आमदारांकडे खर्चाचा उतारा मागावा. सातबारा मागतों तसाच, तारीख व शिक्क्यासह.