हात अनेक, परशुराम एकच!

मैत्रिणींनो, घरात मुलं ‘टिंकल’ वाचत असतील, तर शिकारी शंभू तुमच्याही ओळखीचा असणार. डोळ्यांवर आलेली टोपी, झुबकेदार मिशा आणि आव शूराचा! १९८३ मध्ये चित्रकार वसंत हळबे यांनी त्याला रूप दिलं. पुढे तो साविओ मस्कारेन्हस यांच्या हाती आला. चित्रकार बदलला, पण मुलांना शंभू परका वाटला नाही. टोपी तीच, मिशा त्याच!

आपल्या सावंतवाडीच्या चितारींना मात्र ही युक्ती कॉमिक्सच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. आठवा आपल्या दशावतारी गंजिफा. १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा गट. प्रत्येक गटात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत पानं. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू अशी ज्याची त्याची खूण. शिवाय पानाच्या जमिनीचा रंगही गटागटाचा वेगळा.

हे सगळं नुसतं शोभेसाठी नाही हं! खेळणाऱ्याच्या हातात पानं दाटीवाटीने धरलेली असतात. क्षणभर नजर टाकली की कुठल्या अवताराचं पान ते कळायला हवं. एकाने काढलेला परशू दुसऱ्याच्या हातून तलवारीसारखा उतरला, तर डाव कसा चालायचा? पाठीमागची बाजू तर सगळ्यांची अगदी सारखी हवी. रंगाची छटा जराशी बदलली तरी समोरचा पान ओळखणार!

बचत गटात आपण पापड लाटतो, तसंच आहे हे. हात दहाजणींचे, पण पाकीट उघडल्यावर पापड एकसारखा दिसला पाहिजे. मात्र सारखेपणा म्हणजे छाप्यातून काढणं नव्हे. डोळ्यांची ठेवण, वेलबुट्टीचा बाक यांत ज्याचा त्याचा हात दिसतोच. खूण तेवढी बदलायची नाही.

हे वळण पुस्तकातून येत नाही, जाणत्याच्या शेजारी बसूनच हातात उतरतं. म्हणून तर शिकणारे संपले की धागाच तुटतो. सावंतवाडीत ती वेळ जवळ आली होती. १९७० च्या सुमारास राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून ही कला समजून घेतली आणि राजवाड्यात कलाकारांना कामाला बसवलं. एका म्हाताऱ्या हातातलं वळण तरुण हातांत आलं, म्हणून परशुरामाचा परशू आजही परशूच राहिला.

सुट्टीत मुलांना राजवाडा दाखवायला न्याल, तेव्हा गंजिफा नुसत्या दाखवू नका. नाव न सांगता अवतार ओळखायला लावा. आणि लेकीच्या हातात ब्रश रमत असेल, तर तिला थोडा वेळ रंगवणाऱ्यांजवळ बसू द्या. कोण जाणे, पुढचा परशुराम तिच्याच हातून उतरायचा असेल!